कडकनाथची पिल्लं पाच आठवड्यांची झालीत पण एकाचाही तुरा लाल होत नाहीये, नर-मादी कसं ओळखायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की पारोळ्याकडे घरामागे 20 पिल्लं आणलीत, विकणाऱ्याने 15 माद्या निघतील म्हणून वरचे पैसे घेतले, आणि आता तुरा कोणाचाच लाल नाही म्हणजे सगळ्या माद्याच आहेत का. नाही हो. कडकनाथचा तुरा लालभडक होतच नाही, नराचाही नाही. नवीन माणूस पहिल्यांदा इथेच फसतो.

गावठी नाहीतर गिरिराज पाळल्या असतील तर डोळ्याला सवय झालेली असते, पाच-सहा आठवड्यांत ज्याचा तुरा लालसर झाला तो कोंबडा, विषय संपला. कडकनाथमध्ये काळेपणा नुसता पिसांत नाही, कातडी, जीभ, मटण, पार हाडाच्या वरपर्यंत असतो, मग तुरा तरी कसा सुटेल, तो पण काळपट-जांभळाच. (रक्त मात्र लालच असतं आणि अंडं फिकट तपकिरी. कोणी काळं अंडं दाखवून भाव सांगत असेल तर तिथून उठून यायचं.) त्यामुळे रंग सोडा, आकार बघा. आणि एखाद्याचा तुरा खरंच लालभडक निघाला तर ते पिल्लू क्रॉसचं आहे समजा.

मी शहादा तालुक्यातला, मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरचा कडकनाथ आमच्याकडे खेतियाकडून येतो. माझी पहिली 18 पिल्लं मोटरसायकलवर पुठ्ठ्याच्या खोक्यात आणली होती. मला वाटलं आपण हुशार, पाचव्या आठवड्यातच प्रत्येकाच्या पायाला दोरा बांधला, नराला लाल नि मादीला पांढरा, आणि वहीत लिहून ठेवलं. साडेतीन महिन्यांनी हिशोब केला तर 18 पैकी 5 चुकले होते, त्यातले 4 तर मी मादी म्हणून लिहिलेले नर. कारण नंतर लक्षात आलं, ते चारही दबलेले होते, मोठी पिल्लं त्यांना खाद्यावर येऊ देत नव्हती आणि अशा दबलेल्या नराचा तुरा बरेच दिवस छोटाच राहतो. आई ओट्यावर बसल्या बसल्या एकाकडे बघून म्हणायची "हाऊ कोंबडा शे" (हा कोंबडा आहे), मी म्हणायचो नाही, वहीत मादी आहे. आई बरोबर निघाली. ती चालीवरून सांगते, मला अजून ते जमलेलं नाही. (दोरा बांधाल तर दर आठ दिवसांनी सैल करा, पाय जाड होत जातो, माझ्या एका पिल्लाच्या पायात दोरा रुतून जखम झाली होती.)

तर आता पाच आठवड्यांत अंदाज करायचाच असेल तर एकाच दिवशी निघालेली पिल्लं शेजारी शेजारी धरून बघा, एकट्या पिल्लावरून काही कळत नाही. नराचे पाय जरा जाड, तुरा बुडाशी रुंद, चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या आधी दिसायला लागतात. मादीची शेपटी लवकर भरते आणि नराची पाठ जास्त दिवस उघडी राहते, पण हा नुसता इशारा आहे, यावर कोणाला पिल्लू विकू नका. आठव्या आठवड्यानंतर तुऱ्यातला फरक बऱ्यापैकी कळतो. आणि खरी खात्री दहा ते बारा आठवड्यांत, पिसांवरून. मानेवर आणि शेपटीच्या अलीकडे कमरेवर जी पिसं येतात ती बघा, नराची अरुंद, टोकदार, चकाकणारी, दोन्ही बाजूंनी खाली ओघळलेली. मादीची टोकाला गोल. हे पूर्ण काळ्या जातीत पण चालतं, जिथे रंगावरून काहीच कळत नाही. पक्षी कडेवर घ्या, उन्हात तोंड करून उभ्या राहा आणि कमरेवरून हात फिरवा, एकदा बघितलं की विसरत नाही.

15 माद्यांचं म्हणाल तर तो माणूस एकतर फेकतोय किंवा त्यालाच माहीत नाही. एक दिवसाच्या पिल्लाची मागची जागा दाबून बघून नर-मादी सांगणारे ट्रेनिंग घेतलेले लोक मोठ्या हॅचरीत असतात, आणि पंखाच्या पिसांवरून ओळखायची पद्धत फक्त त्यासाठी खास तयार केलेल्या जातींतच चालते, कडकनाथमध्ये नाही. सरसकट घेतलेल्या 20 मध्ये दहाच्या आसपास माद्या धरून चाला. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, हे आमच्या आजीचं पण ठाम मत होतं, पण तसं नसतं. कोंबड्यांमध्ये माणसाच्या उलट आहे, नर की मादी ते आईकडून ठरतं आणि कवच चढायच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं.

पाळायचं थोडक्यात सांगतो कारण तुमचा निम्मा टप्पा पार झालाय. पहिल्या आठवड्यात 35 डिग्री आणि मग दर आठवड्याला साधारण 3 डिग्री कमी, असं असतं, पण ते बल्बचं गणित आपल्याकडच्या मे महिन्यात दिवसा करायचंच नाही, बाहेर 44 असताना बल्ब कसला लावता. तुमच्या पिल्लांना आता ऊब नको, गारवा पाहिजे. खुराड्याच्या पत्र्यावर पऱ्हाट्या नाहीतर कडबा टाका, बाजूने ओलं गोणपाट लावा पण हवा अडवू नका, पाणी मातीच्या भांड्यात आणि दिवसातून तीनदा बदला. खाद्य सकाळी लवकर आणि संध्याकाळी, दुपारी खाल्लं तर उलट जास्त धापतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना अजिबात देऊ नका, त्यात चुना जास्त असतो, मूत्रपिंड खराब होतं.

मानमोडीची (राणीखेतची) लस पहिल्या आठवड्यात आणि चौथ्या आठवड्यात झाली का ते विकणाऱ्याला नक्की विचारा. देवीची साधारण सहाव्या आठवड्यात असते, म्हणजे तुमची आलीच, आठव्याला मानमोडीचं इंजेक्शन. जनावरांच्या दवाखान्यात आधी विचारून जा, लसीच्या कुपीत बरेच डोस असतात आणि एकदा फोडली की ठेवता येत नाही, त्यामुळे शेजारच्या दोन-तीन घरच्या कोंबड्या एकत्र केल्या तर बरं पडतं. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको.

नर जास्त निघाले म्हणून नाराज होऊ नका, कडकनाथला पैसा नरातच आहे. फक्त हा पक्षी सावकाश वाढतो, किलोभर व्हायलाच पाच महिने जातात, म्हणजे यंदाचा आखाड तुमच्या हातून गेला, श्रावण-नवरात्रात कोण घेणार, दसऱ्यानंतर विका. आठ-दहा माद्यांना एक नर ठेवा, एखादा जास्तीचा आजारपणासाठी, बाकीचे तीन महिन्यांनंतर वेगळे करा नाहीतर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. आणि पुढे पिल्लं काढायची असतील तर घरात एक गावठी खुडूक कोंबडी असू द्या, कडकनाथ मादी अंड्यांवर बसायला फार कंटाळा करते.

दहा आठवडे झाले की फोटो टाका, मी सांगतो. पण तोंडाचा नको, सगळे तोंडाचाच टाकतात, कमरेची पिसं दिसतील असा मागून काढा.