लेकीची पत्रकारिता आणि पंचवीस लाखांचे कर्ज

प्रश्न : मुलगी बारावी झाली. पुण्याजवळच्या एका खासगी लिबरल आर्ट्स (अनेक विषय एकत्र शिकवणाऱ्या) विद्यापीठात पत्रकारितेसाठी तिची निवड झाली आहे. वसतिगृहासह वर्षाला साडेआठ लाख, म्हणजे चार वर्षांचे 34 लाख. सुकन्या खात्यातून साडेचार, 9 लाखांच्या ठेवींतून साडेचार आणि उरलेले 25 लाख शैक्षणिक कर्ज, असा विचार आहे. आम्हा दोघांच्या हातात मिळून महिना एक लाख पाच हजार येतात. घराचा 18 हजारांचा हप्ता आणखी सहा वर्षे आहे. यजमान 52 वर्षांचे असून 58 व्या वर्षी निवृत्त होतील. कर्ज काढावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, 25 लाखांचे काढू नका.

आधी बेरीज नीट करू. साडेआठ लाख हा पहिल्या वर्षाचा आकडा आहे. फी दरवर्षी वाढते. सहाच टक्के वाढ धरली तरी चार वर्षांचे 37 लाखांच्या पुढे जातात. तीन लाखांची तूट इथेच आली.

आता कर्ज. बँक पैसे दरवर्षी टप्प्याने देते, शिक्षण आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ता मागत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. साडेदहा टक्के दराने पाच वर्षांत ते सव्वानऊ लाखांच्या आसपास होते. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर 34 लाख असतील आणि 15 वर्षांची मुदत घेतली तरी महिना सुमारे 38 हजार भरावे लागतील. यजमान तेव्हा 57 वर्षांचे असतील. पुढच्याच वर्षी निवृत्ती.

मग हप्ता लेकीने भरायचा. मराठी दैनिकात किंवा न्यूज पोर्टलवर नव्या बातमीदाराच्या हातात वीस-पंचवीस हजार पडले तरी पुष्कळ, इंग्रजीत थोडे जास्त. त्यातून पुण्या-मुंबईतले खोलीभाडे जायचे. असा हप्ता मानेवर असलेली मुले वर्ष-दोन वर्षांत पीआर (जनसंपर्क) किंवा कॉर्पोरेट कम्युनिकेशनकडे वळताना मी पाहतो. त्या नोकऱ्या वाईट नाहीत. पण पत्रकारितेसाठी काढलेले कर्जच पत्रकारिता सोडायला लावत असेल, तर ते काढायचे कशाला?

शिक्षणाला मी नावे ठेवत नाही. पत्रकारितेबरोबर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, इतिहास शिकलेला बातमीदार महापालिकेचे अंदाजपत्रक हातात आले की गांगरत नाही, आणि असे लोक प्रत्येक न्यूजरूमला हवे असतात. माझा आक्षेप फक्त किमतीवर आहे.

करसवलतीचा मुद्दा तुम्हाला कोणीतरी सांगेलच. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्यात काहीच नाही. शिवाय साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात. गावाकडची जमीन दाखवू म्हणत असाल, तर सातबारा सामाईक आहे का ते पाहा; दीर-जावांच्या संमतीवाचून ते प्रकरण पुढे सरकणार नाही. आणि शेतजमीन तारण घ्यायला बँका तशाही नाखूश असतात.

माझी मर्यादा साडेसात लाखांची. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहिलात (जास्तीत जास्त साडेसहा हजार महिना), तर नंतर दहा वर्षांचा हप्ता दहा हजारांच्या जरासा वर बसतो. तो ती भरू शकेल आणि नाही जमला तर पेन्शनमधून तुम्हीही ओढून न्याल.

एवढ्या कर्जात हे विद्यापीठ बसते का? नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. तसे केले तर खर्च 27 लाखांवर येतो. तुमचे नऊ आणि कर्जाचे साडेसात धरले की साडेसोळा झाले. म्हणजे एकूण खर्चावर 40 टक्के सवलत मिळाली तर जमते. सवलत बहुतेक ठिकाणी शिकवणी फीवर असते, वसतिगृह-मेसवर नाही, हे विसरू नका.

नाही मिळाली तर सांगलीचे विलिंग्डन कॉलेज तुमच्या दारात आहे. तिथे अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेऊन बीए, मग पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आयआयएमसीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) पत्रकारिता. आयआयएमसीच्या अमरावती केंद्रात तर मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रमही आहे. हा मार्ग तुमच्या नऊ लाखांत बसावा. उरले त्यातून चांगला लॅपटॉप घ्या, तिला इंटर्नशिपसाठी मुंबईत दोन-तीन महिने राहू द्या. लेक थोडी रुसेल. तिला वरचे आकडे कागदावर मांडून दाखवा, अठरा वर्षांची मुलगी आहे, तिला समजेल.

सुकन्या खात्यातून मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मीच रक्कम काढता येते, तीही प्रत्यक्ष फीपुरती. प्रवेशपत्र आणि फीची पावती घेऊन जा. ठेवींतले उरलेले साडेचार लाख मात्र मोडू नका.

विद्यापीठाला आजच ईमेल करा : सवलत नेमकी कशावर, चारही वर्षे टिकते की गुणांवर दरवर्षी ठरते, फीवाढीला कमाल मर्यादा आहे का, तीन वर्षांनी बाहेर पडल्यास पदवी कोणती. फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, उत्तर लेखी हवे. ते हातात येईपर्यंत प्रवेश निश्चितीची रक्कम भरू नका. मुदत जवळ आली असेल तर वाढवून मागा.