साइट 'हॅक' झालेली नाही, दारात धरणं बसलंय

एका वाचकाचा प्रश्न: "निकालाच्या दिवशी कॉलेजची साइट उघडेना. पोरं म्हणाली 'हॅक झाली', सर म्हणाले 'हॅक केली गेली असं म्हणा'. बरोबर काय? आणि डीडॉस हल्ल्याला मराठीत काय म्हणायचं?"

आधी तो 'हॅक' खाली ठेवा. सोलापुरात सात रस्त्याच्या टपरीवर चहा संपेपर्यंत दोनदा तरी कानावर येतो. ॲप उघडलं नाही, हॅक. पासवर्ड विसरला, हॅक. तोडणे, घाव घालणे हे अर्थ कोशात आहेत, बघून घ्या. तंत्रवाला अर्थ अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबातला. विजेच्या यंत्रणेवर 'हॅकिंग' करणाऱ्यांनी आधी वीज बंद करावी, नाहीतर फ्यूज उडतो, अशी विनंती त्यांच्या १९५५ च्या इतिवृत्तात आहे. म्हणजे डोकं चालवून केलेला खटाटोप. हा शब्द आपल्या 'हाक'वरून गेला असं परवा एका व्युत्पत्तिकारांनी ठासून लिहिलं. त्यांना लांबूनच हाक.

डीडॉस म्हणजे साइटवर एकदम खोट्या मागण्यांचा मारा करून ती ठप्प करणं. त्यात डोकं कुठलं? नव्या पेठेतल्या चादरीच्या दुकानात पन्नास जण शिरतात, "ती वरची दाखवा, ही दाखवा" म्हणत घड्या मोडायला लावतात आणि घेत काही नाहीत. गल्ला शाबूत, कुलूप शाबूत, खरं गिऱ्हाईक मात्र पायरीवर. १९९६ साली न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीचं हेच झालं. जोडणी मागायची, सर्व्हर "हं, बोला" म्हणाला की गप्प राहायचं. तो बिचारा जागा राखून वाट बघत बसतो.

परिभाषावाले याला 'सेवा-नकार हल्ला' म्हणतात. अहो, नकार देतंय कोण? दुकानदार तर घामाघूम होऊन चादरी उलगडतोय!

आपला शब्द तयार आहे: धरणं. पैसे बुडवणाऱ्याच्या दारात सावकार उपाशी बसायचा. तो जेवत नाही म्हणून घरातल्यांनाही घास घेता येत नसे. चोरी नाही, मारहाण नाही, पण घर ठप्प. १८६० च्या दंडसंहितेत ५०८ व्या कलमाखाली या 'धरण्या'चं उदाहरणच दिलं होतं. धातू 'धृ', धरून ठेवणे. पाणी धरून ठेवतं ते धरण, वाट धरून ठेवतं ते धरणं. उजनी भरलेलं असताना नळाला चार-चार दिवस पाणी नाही, म्हणून घागरी घेऊन धरणं धरणाऱ्या सोलापूरकराला हे समजावायला नको. शेजारच्या कन्नड घरात 'धरणी', पलीकडच्या तेलुगू घरात 'धर्ना'. एका वाड्यात तीन रूपं, आणि आपण 'सेवा-नकार' घडवत बसलोय. (वर्तमानपत्रांचं 'धरणे आंदोलन' हे दुसरं दुखणं. धरणं म्हटलं की आंदोलन आलंच की.)

ही माझी ओढाताण नाही. १९९८ साली मेक्सिकोच्या झापातिस्ता बंडखोरांसाठी काही कलावंतांनी 'फ्लडनेट' काढलं. लोक आपापल्या ब्राउझरमधून सरकारी पानं पुन्हापुन्हा मागवत बसायचे. त्याला ते दूरस्थ बैठा सत्याग्रहच म्हणत. २०१३ मध्ये 'अॅनॉनिमस' या हॅकरगटाच्या पाठीराख्यांनी डीडॉसला निषेधाचा कायदेशीर मार्ग माना, असा अर्ज थेट व्हाइट हाउसकडे केला.

आता मात्र शब्द ताणू नका. धरणं धरणारा स्वतः बसतो, स्वतः उपाशी राहतो. २००० साली याहू, ईबे, सीएनएन पाडणारा मॉन्ट्रियलकडचा 'माफियाबॉय' पंधरा वर्षांचा होता, आणि बसवली होती दुसऱ्यांची हॅक केलेली यंत्रं. २०१६ च्या 'मिराय' या घुसखोर प्रोग्रॅमनं तर लोकांच्या घरातले कॅमेरे परस्पर कामाला लावले. मुळाशी माइनक्राफ्ट या कॉम्प्युटर-खेळाच्या सर्व्हरांची भांडणं, करणारी कॉलेजची पोरं. आता चार पैसे टाकले की तयार हल्ला भाड्यानं मिळतो. त्याला 'कोंडी' म्हणा. धरण्याची इभ्रत त्याला देऊ नका. (पुणे रस्त्यावरच्या कोंडी गावकऱ्यांनी राग मानू नये.)

हां, तुमचा प्रश्न. 'केली गेली' हे सरांचं इंग्रजी, मराठीत 'झाली' पुरतं. पण निकालाच्या दिवशी अख्खं सोलापूर एकाच वेळी आसन क्रमांक टाकत होतं. यात हॅकही नाही आणि धरणंही नाही. घसा बसतो, धंदा बसतो, तशी साइट बसली.