परदेशातल्या व्हिएतनामी वाचकांसाठी आयुष्य वेचलेला पत्रकार कोण?

मी डो न्गोक येन यांचं नाव घेईन. दक्षिण व्हिएतनामची तेव्हाची राजधानी सायगाव, तिथे पत्रकारिता केलेले येन १९७५ मध्ये कम्युनिस्ट फौजांपुढे शहराचा पाडाव झाल्यावर निर्वासित म्हणून अमेरिकेत आले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात, घराच्या गॅरेजमधून, त्यांनी ‘न्गुओई व्हिएत’ सुरू केलं. नावाचा अर्थच ‘व्हिएतनामी माणूस’. चार पानी साप्ताहिक, सुमारे २,००० प्रती. इंग्रजी न येणाऱ्या, सगळं मागे सोडून आलेल्या माणसांच्या हाती आपल्या भाषेतला कागद पडणं म्हणजे काय आधार असेल! मला त्यांचं हेच काम सगळ्यात मोठं वाटतं. पुढे त्याचं दैनिक झालं, ‘लिटल सायगाव’ या कॅलिफोर्नियातल्या व्हिएतनामी वस्तीत घरोघरी वाचलं जाऊ लागलं. येन २००६ मध्ये गेले. दैनिक त्यांच्यामागेही चालू राहिलं.