अमेरिकी कम्युनिस्टांचा इतिहास : कोणाचं खरं मानू?

प्रश्न : मी साताऱ्यात बी.ए. इतिहासच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकी कम्युनिस्टांवर संशोधन करायचंय. एक पुस्तक त्यांना मॉस्कोचे हस्तक म्हणतं, दुसरं कामगारांचे कार्यकर्ते. कोणाचं खरं? आणि यात पुढे काही आहे का?

उत्तर : पुस्तक हातात घेतलंस की आधी प्रकाशनाचं साल बघ. थिओडोर ड्रेपर यांनी 1957 मध्ये अमेरिकी कम्युनिस्ट पक्षाच्या जन्माचा इतिहास लिहिला, तेव्हा मॉस्कोची दफ्तरं बंद होती. तरी सूत्रं तिथून हलतात, हे त्यांनी ठामपणे मांडलं. 1980 नंतर मार्क नेसन आणि इतरांनी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पक्षानं काय केलं, ते शोधलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर हार्वे क्लेर आणि जॉन अर्ल हेन्स यांना मॉस्कोतले कागद पाहता आले, आणि 1995 मध्ये अमेरिकेनं फोडलेल्या सोव्हिएत हेरखात्याच्या सांकेतिक तारांचे ‘व्हेनोना’ अनुवाद खुले झाले. त्यानंतर हेरगिरी नाकारणं अवघड झालं. ज्युलियस रोझेनबर्ग हेर होता, हे आज बहुतेक इतिहासकार मानतात. वाद उरलाय तो त्याची पत्नी एथेल हिच्या सहभागाचा. पण म्हणून हार्लेममधलं काम खोटं ठरत नाही. तो प्रश्नच वेगळा आहे. तेव्हा बाजू निवडू नकोस, प्रश्न निवड.

व्हेनोनाचे अनुवाद इंटरनेटवर फुकट मिळतात. 30 मार्च 1945 ची 1822 क्रमांकाची तार काढ. मजकुरात फक्त ‘अ‍ॅलेस’ हे टोपणनाव आहे. ‘बहुधा अल्जर हिस’ ही खालची टीप, म्हणजे अमेरिकी विश्लेषकाचा अंदाज. हिस हा अमेरिकी परराष्ट्र खात्यातला अधिकारी. अनेक जण ‘बहुधा’ गाळतात आणि तारेतच हिसचं नाव होतं असं लिहून मोकळे होतात. प्रबंध तिथेच घसरतो. टिपणं काढताना मूळ मजकूर, विश्लेषकाची टीप आणि तुझा निष्कर्ष असे तीन रकाने ठेव.

रशियनची घाई नको. मॉस्कोत गेलेले पक्षाचे कागद मोठ्या प्रमाणात इंग्रजीत आहेत, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे त्यांच्या मायक्रोफिल्म प्रती आहेत.

आता नोकरीचं. केवळ अमेरिकी इतिहासासाठी आपल्याकडे जागा फार थोड्या निघतात, हे घरच्यांनाही स्पष्ट सांग. नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, इतिहासाचा अभ्यासक्रम जवळजवळ सगळा भारताचा आहे, त्यामुळे एम.ए. करतानाच तो पक्का कर. त्यातला इतिहासलेखनाचा घटक मात्र थेट तुझ्या विषयाला लागून आहे. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरेट संशोधन शिष्यवृत्तीवर 6 ते 9 महिने अमेरिकेत काम करता येतं, पण त्यासाठी आधी भारतात पीएच.डी.ची नोंदणी हवी. म्हणून या वर्षीचा शोधनिबंध एका तारेवर किंवा एका वस्तीवरच लिही. पुढे नोंदणीचा आराखडा त्यातूनच उभा राहील.