‘समजलं का?’ विचारू नका, करून दाखवायला सांगा

या अंकात परराज्यांतून आणि मेळघाटातून कामाला आलेल्या माणसांशी बोलण्या-वागण्याबद्दलची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) हंगामात झारखंड-बिहारचे तीस-पस्तीस मजूर असतात. सूचना हिंदीतूनच देतो. सगळे ‘जी, जी’ म्हणतात आणि तासाभरात कोणीतरी चालत्या रोलरमधून अडकलेला कापूस हातानं ओढताना दिसतो. सांगूनही असं का होतं? (सुपरवायझर, ता. हिंगणघाट)

उत्तर : ‘जी’ म्हणजे ‘ऐकलं’. समजलं की नाही, ते त्यातून कळत नाही. घरून निघतानाच उचल घेतलेली असते, मुकादम शेजारी उभा असतो आणि चार लोकांत ‘नाही समजलं’ म्हणणाऱ्याला मंद ठरवतात. अशा माणसाकडून ‘जी’शिवाय दुसरं काय येणार? त्यातून झारखंडच्या संथाळ, हो, मुंडा मजुरांची हिंदी ही घरची भाषा नव्हे. तुमची हिंदी मराठी वळणाची, त्यांची वेगळ्या वळणाची. दोन्ही बाजू हिंदी बोलतात म्हणून अर्थ पोचला, असं धरून चालू नका.

काही शब्द तर सरळ घात करतात. ‘टोपली खाली ठेव’ यातला ‘खाली’ हिंदी कानाला ‘रिकामी’ असा ऐकू येतो. ‘पैसे हप्त्यानं देऊ’ म्हणजे तुमच्या मनात टप्प्याटप्प्यानं, त्यांच्या मनात दर आठवड्याला. पगाराच्या दिवशी होणारी निम्मी भांडणं या एका शब्दापाशी येऊन थांबतात. हिंदीतलं ‘कल’ हे कालही असतं आणि उद्याही, म्हणून कामाच्या बोलण्यात तो शब्द वापरूच नका. वाराचं नाव घ्या.

प्रशिक्षण पाळीच्या आधी, यंत्राजवळ, यंत्र बंद ठेवून घ्या. एका वेळी जास्तीत जास्त आठ माणसं, रोज वीस मिनिटं, सलग पाच दिवस. हॉलमध्ये बसवून दोन तासांचं भाषण दिलंत तर संध्याकाळपर्यंत त्यातलं काही उरत नाही. ही वीस मिनिटं मजुरीत धरा. नाहीतर माणसं उभी राहतील, पण लक्ष घड्याळाकडे असेल.

पहिल्या दिवशी फक्त थांबवणं. त्याआधी सगळ्या पाळ्यांच्या फोरमननी बसून शब्द एक करायचे. एक ‘थांब’ ओरडतो, दुसरा ‘रुको’, तिसरा ‘बस बस’. नव्या माणसाला हे तीन वेगळे हुकूम वाटतात. यंत्रासाठी ‘बंद’, माणसासाठी ‘रुको’ एवढं पुरे. रोलर चालू असताना आवाज पोचतच नाही, म्हणून सोबत हाताची खूण ठरवा, उदाहरणार्थ डोक्यावर दोन्ही हातांची फुली. मग अडकलेला कापूस काढायची रीत तुम्ही स्वतः करून दाखवा : स्विच बंद, रोलर पूर्ण थांबेपर्यंत उभं राहणं, चावी स्वतःच्या खिशात, मग हात. त्यानंतर ‘समजलं का’ न विचारता ‘आता तुम्ही दाखवा’ म्हणायचं. प्रत्येकाकडून, एकेकट्याकडून. जिथं चुकतो तिथं तुमचं सांगणं कमी पडलं, असं मोजा. हीच परीक्षा तिसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं पुन्हा घ्या, कारण चूक बहुधा पहिल्या दिवशी होत नाही; हात सरावले की होते.

दुसऱ्या दिवशी कपडे. गळ्यातला गमछा हा बिहारी माणसाचा टॉवेल, टोपी, शिदोरीचं फडकं आणि थंडीतलं कानपट्टीचं कापड, सगळं एकच. ‘काढून टाक’ म्हटलं की तो कमरेला बांधतो आणि सैल टोक पट्ट्याजवळ लोंबतच राहतं. दारातच प्रत्येकाच्या नावाची खुंटी ठोका आणि गमछा तिथं टांगल्याशिवाय आत येणं नाही, असं ठरवा. थंडीसाठी कानटोपी द्या. साडीच्या पदराचंही तेच : ‘पदर सांभाळ’ हे सांगणं पुरत नाही, वरून घालायला बंद शर्ट लागतो.

तिसऱ्या दिवशी आग : ‘आग’ हा शब्द दोन्हीकडे सारखा आहे, कोणत्या दारानं बाहेर पडायचं ते चालत जाऊन दाखवा. चौथ्या दिवशी मजुरी, उचल, कपात, सगळं आकडे लिहून. पाचव्या दिवशी प्रत्येकाकडून सगळं करून घ्यायचं. मजुरी आणि सुरक्षितता या दोन गोष्टींत मुकादमाला दुभाषा करू नका. उचलीच्या हिशेबात त्याचा स्वतःचा हात गुंतलेला असतो. मजुरांमधलाच, हिंदी नीट येणारा एक जण निवडा आणि त्या वेळेचे पैसे त्याला द्या. बोलताना मात्र मजुराकडे बघायचं, दुभाष्याकडे नाही, आणि दोन वाक्यं झाली की थांबायचं.

आणखी एक. आपल्याकडे ‘तू’ जवळिकीचा आहे. आईला, आजीला आपण तूच म्हणतो. बिहारच्या माणसाला अनोळखी तोंडून आलेला ‘तू’ लागतो. ‘आप’ म्हणा. ‘ए भैया’, ‘ए बिहारी’ अशा हाका बंद करून नाव घ्या. हे नुसतं सौजन्य नाही. ज्याला नावानं हाक मारली जाते तो यंत्राचा वेगळा आवाज आला तर येऊन सांगतो.

प्रश्न : वीटभट्टीवर छत्तीसगढच्या जोड्या आहेत. बायका बोलत नाहीत, नवराच उत्तरं देतो. लसीच्या दिवशी बाळं आणत नाहीत. (आशा सेविका, ता. पवनी)

उत्तर : आधी तुमचा दिवस कोणता ते बघा. खर्ची (खर्चापुरते पैसे) मिळते त्या बाजाराच्या दिवशी भट्टी रिकामी असते. साच्याचं काम पहाटेपासून चालतं, म्हणून सकाळी दहाला गेलात तर हात चिखलात असतात. जेवणानंतर दुपारी जा. नवऱ्याला टाळू नका. त्याच्याशी आधी दोन शब्द बोला, मग ‘बाळाचं वजन करायचं आहे’ म्हणून आईला बाजूला घ्या. मोठ्या मुलीला दुभाषी करू नका. पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल आई लेकीच्या तोंडून बोलणार नाही.

चार शब्द त्यांचे शिका. ‘लइका’ म्हणजे मूल, ‘सुजी’ म्हणजे इंजेक्शन, ‘पिराथे’ म्हणजे दुखतं. ‘पेट पिराथे का?’ एवढं विचारलंत तरी ती मान वर करते.

लस नाकारण्यामागे बऱ्याचदा ताप असतो. बाळ रात्रभर रडलं की सकाळच्या विटा बुडतात आणि मजुरी दर हजार विटांमागे असते. म्हणून सुई टोचायच्या आधीच सांगा : आज रात्री ताप येईल, मांडी थोडी सुजेल, एक-दोन दिवसांत उतरेल, हे औषध एवढ्या वेळा. मग तिलाच विचारा, ‘रात्री ताप आला तर काय कराल?’ तिनं चमचा हातात धरून दाखवला की काम झालं. कार्ड गावी राहिलं म्हणून परत पाठवू नका. पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचे) डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात. मधला डोस चुकला तर तिथून पुढे द्यायचा, पहिल्यापासून नाही. नवं कार्ड करून द्या आणि जून जवळ आला की त्याचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण पावसाआधी भट्टी बंद होते आणि माणसं एका रात्रीत निघतात.

प्रश्न : परराज्यातलं रेशनकार्ड दाखवतात. मी ‘होत नाही’ सांगतो, मग वाद होतो. (रास्त भाव दुकानदार, ता. वणी)

उत्तर : होतं. एक देश एक रेशनकार्ड योजना 2022 पासून देशभर लागू आहे. कार्डाचा किंवा आधारचा नंबर आणि अंगठा पुरतो. प्राधान्य गटाला माणशी 5 किलो, आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. घरच्यांनी गावी त्यांच्या वाट्याचं उचललं असेल तर उरलेलं इथं मिळतं.

वाद ‘होत नाही’ या दोन शब्दांमुळे होतो, कारण त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. अंगठा घेणारं यंत्र नकार देतं त्याची कारणं वेगवेगळी असतात : आधार जोडलेलं नाही, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली, या महिन्याचं सगळं गावी उचललं, किंवा बोट जुळलं नाही. कोणतं ते सांगा आणि चिठ्ठीवर लिहून द्या. विटांच्या आणि कोळशाच्या कामानं बोटांच्या रेषा झिजतात. हात साबणानं धुऊन, पुसून दहाही बोटं एकेक करून बघा. तक्रारीसाठी 14445 हा नंबर भिंतीवर देवनागरी आकड्यांसोबत इंग्रजी आकड्यांतही लिहा.

प्रश्न : संत्र्याच्या हंगामात आलेल्या कोरकू मुलांना शाळेत घेतलं, पण ती गप्प बसतात. गावात गोंडी येणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना बोलावू का? (शिक्षिका, ता. वरुड)

उत्तर : त्यांचा उपयोग होणार नाही. गोंडी द्राविडी कुळातली, कोरकू मुंडा कुळातली; दोन्ही आदिवासींच्या आहेत एवढंच साम्य. कोरकू मुलांना मराठीपेक्षा हिंदी पुष्कळदा जवळची असते, तर सुरुवात तिथून करा. पालकांशी बोलताना ‘शिक्षा’ हा शब्द जपून वापरा. आपल्याला त्यात छडी दिसते, त्यांना शाळा. दाखला नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा 2009 तसं स्पष्ट सांगतो. पहिला आठवडा उत्तर तोंडी मागू नका. वस्तू आणायला सांगा, चित्रावर बोट ठेवायला सांगा, आणि ‘पाणी’, ‘पोट दुखतं’, ‘बाहेर जायचं आहे’ याला कोरकूत काय म्हणतात ते त्यांनाच विचारून फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. मधल्या सुट्टीआधी हे तीन शब्द सगळ्या वर्गाला यायला हवेत.