बेडकाच्या अंड्यात एखादा एमआरएनए नेमका खालच्या टोकालाच कसा पोचतो?

एमआरएनए म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू. त्याच्या शेपटाकडच्या भागात पत्ता लिहिलेला असतो आणि तो वाचणारी प्रथिने त्याला तिथे नेतात. आफ्रिकी नखवाल्या बेडकाचा (झेनोपस लेव्हिस) व्हीजी१ हा एमआरएनए घ्या. त्याच्या ३' (शेपटाकडच्या) बाजूच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या पट्ट्यात साधारण ३४० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे आरएनएच्या अक्षरांचा, तुकडा आहे. त्यात यूयूसीएसी, यूयूयूसीयू असे अक्षरांचे छोटे गट पुन्हापुन्हा येतात. पहिल्यांवर व्हेरा (व्हीजी१आरबीपी) हे प्रथिन बसते, दुसऱ्यांवर एचएनआरएनपी आय हे प्रथिन, आणि गंमत म्हणजे हे केंद्रकातच होते, प्रवास सुरू व्हायच्या आधी. बाहेर पेशीद्रवात आल्यावर स्टाउफेन आणि पीआरआरपी ही आणखी दोन प्रथिने येऊन मिळतात. मग कायनेसिन हे मोटर प्रथिन सूक्ष्मनलिकांच्या (पेशीतल्या बारीक प्रथिन-नळ्यांच्या) रुळांवरून हे गाठोडे खालच्या, म्हणजे बलकाच्या टोकाकडे ओढते.

हे कळले कशावरून? तो ३४० चा तुकडा ग्लोबिन या वेगळ्याच प्रथिनाच्या एमआरएनएला जोडून अंडपेशीत (पिकत असलेल्या अंड्यात) टोचला, तर ग्लोबिनचा एमआरएनएही खालीच गेला (१९९२). नोकोडॅझोल या रसायनाने सूक्ष्मनलिका मोडल्या की वाहतूक थांबते; सायटोकॅलेसिन या रसायनाने अ‍ॅक्टिन प्रथिनाचे तंतू मोडले की पोचलेला माल सुटतो. म्हणजे नेणे वेगळे, बांधून ठेवणे वेगळे.

मात्र सगळेच एमआरएनए असे जात नाहीत. नॅनोस१ (जुने नाव एक्सकॅट२) हा एमआरएनए व्हीजी१च्या आधीच, अंडपेशी लहान असताना, मायटोकॉन्ड्रियांच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांच्या) ढगात अडकून त्याच्याबरोबर खाली जातो.