वहिनीचं बाळ ३० आठवड्यांत जन्मलं, वजन १२०० ग्रॅम, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. दोन दिवस झाले, दुधाचे नुसते थेंब येतात. काय करावं?

थेंबच येणार. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक असाच असतो, आणि एवढ्या बाळाला सध्या लागतोही तेवढाच. सुरुवातीला साधारण किलोमागे दिवसाला १० ते २० मिली दूध नळीने देतात. दर दोन तासांनी द्यायचं तर एका वेळी १ ते २ मिली झालं! बाकीचं पोषण शिरेतून जातं.

त्यामुळे वहिनींनी मिली मोजू नयेत, दूध काढण्याच्या खेपा मोजाव्यात. चोवीस तासांत ८ ते १०, त्यातली एक तरी मध्यरात्रीनंतर. दूध जितक्या वेळा निघेल तितकं जास्त तयार होतं. रात्री सात-आठ तास खंड पडला की पुढे दूध आटतं, आणि मग दोष आहाराला दिला जातो. अळीव, डिंकाचे लाडू खुशाल द्या, पण त्यांनी चुकलेली खेप भरून निघत नाही.

पहिले दोन-तीन दिवस हातानेच काढा. चीक घट्ट असतो, पंपाच्या भांड्यालाच चिकटून राहतो. हात साबणाने धुवा, गरम ओल्या फडक्याने शेका, हलका मसाज करा. अंगठा वर, तर्जनी खाली, दोन्ही स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोटं कातडीवर घसरता कामा नयेत. स्तनाग्र ओढलं तर फक्त दुखतं. एक जागा रिकामी झाली की बोटं फिरवून घ्या. थेंब दुसऱ्या कुणीतरी १ मिलीच्या सिरिंजने टिपून घ्यावेत; हे काम दादा करू शकतो. सिरिंजवर आईचं नाव, तारीख, वेळ.

काढलेलं दूध बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये २४ तास. दारात नको, आत मागे ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. साय वर येते, म्हणून देण्याआधी हलकेच फिरवून मिसळावं.

डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला कांगारूसारखं उघड्या छातीशी धरा आणि लगेच नंतर दूध काढा, बहुधा जास्त येतं.

तोवर कमी पडलं तर पावडरच्या आधी दूधपेढीची चौकशी करा. मुंबईत शीवच्या रुग्णालयात ती १९८९पासून आहे. दात्या आईचं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. त्यात काही संरक्षक घटक जातात, म्हणून स्वतःचा चीक आधी.

चौदाव्या दिवशी रोजचं दूध ५०० मिलीच्या आसपास हवं. ३५०च्या खाली असेल तर वाट न बघता वॉर्डातल्या स्तनपान समुपदेशकांना दाखवा.